पहिल्या धारेचा हिरवा

तेजलाल गेल्याची बातमी मला चिचगडच्या लाकूड डेपोवर मिळाली. सागाच्या ओंडक्यांनी ट्रक भरत आला होता, मी वर चढून दोर आवळत होतो, आणि आमचा ड्रायव्हर खाली उभा राहून विडी पेटवता पेटवता म्हणाला, "मालक, ते सौंदडचे टेंभरे मास्तर गेले म्हन्ते. कावीळ झाली होती. दारू लई पेत होते ना ते..." यानंतर मी जी शिवी हासडली तिच्यानं डेपोतल्या अर्ध्या ओंडक्यांची साल आपोआप निघाली आणि झाडांवरची माकडं जी पळाली ती थेट देवरीला जाऊन थांबली. ड्रायव्हरची विडी तोंडातून खाली पडली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सगळं गाव जे बोलतं तेच तो बोलला होता. पण मी ट्रक तसाच अर्धवट टाकला आणि मिळेल त्या वाहनानं सौंदड गाठलं, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, आधी हळहळायचा आणि मग आवाज खाली आणून तेच वाक्य बोलायचा. दारू लई पेत होते ना.

माझी ओळख सांगायला हवी. लाकडाचा ठेकेदार आहे आणि गोंदियापासून देवरीपर्यंतच्या पट्ट्यात थापाड्या म्हणून माझी कीर्ती आहे. नवेगावच्या बांधात मी एकदा मासा धरला होता, तो दर वेळी सांगताना वाढतो, हे मी नाकारत नाही. जिवंत प्राणी आहे, वाढणारच. या लेखातही एखादा मासा वाढलेला सापडेल, तो सोडून द्यावा. पण एक वाक्य मी सोनाराच्या काट्यावर तोलून लिहितो आहे : तेजलाल टेंभऱ्यानं जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. एवढं वाक्य छापून यावं म्हणून हा सगळा खटाटोप. संपादकांना जागा कमी पडली तर त्यांनी बाकीचं खुशाल कापावं.

आम्ही दोघं गोंदियाला एका वसतिगृहात एका कंदिलावर शिकलो. मी कुणब्याचा, तो पोवाराचा. त्याचे पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले आणि इथली धानाची जमीन बघून तलवारी विसरले, असं त्याचे वडील अभिमानानं सांगत. मी मॅट्रिकला इतक्या वेळा बसलो की परीक्षक मला बघून उठून उभे राहू लागले. तेजलाल पहिल्या फटक्यात पास होऊन नागपूरला गेला, रसायनशास्त्र शिकला आणि देश स्वतंत्र झाल्यावर लवकरच परत आला. नागपुरात त्याला चांगली नोकरी लागत होती. तो म्हणाला, तिकडं शिकवायला पुष्कळ आहेत. आमच्या तालुक्याच्या एका मोठ्या गावात तेव्हा नवं हायस्कूल उघडलं होतं. शाळा अजून आहे, तिचे सेक्रेटरीही अजून आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. तिथं हा विज्ञान शिकवायला लागला.

त्याचं वेड म्हणजे रंग. पण 'रंग' हा शब्द त्याच्यापुढं सैलपणे उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा उच्चारला. दसऱ्याचा दिवस होता, आम्ही दोघं सायकलींवरून नीळकंठ बघायला निघालो होतो. त्या दिवशी तो पक्षी दिसला की वर्ष चांगलं जातं. पक्षी काही दिसला नाही, पण धानाच्या एका बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, त्याचं पीस सापडलं, असलं निळं की डोळ्यात जाऊन बसावं. मी म्हटलं, काय रंग आहे रे, याचा रंग काढून लुगडं रंगवलं तर... झालं. तेजलालनं सायकल आडवी टाकली, पीस एका धोंड्यावर ठेवलं आणि दुसऱ्या धोंड्यानं कुटायला बसला. दसऱ्याचा शकुन कुटणारा हा पहिलाच माणूस मी पाहिला. कुटून झाल्यावर तळहातावर घेऊन दाखवलं तर काळपट तपकिरी भुगा. निळ्याचा पत्ता नाही.

"निळा कुठं गेला बे?" मी विचारलं.

"निळा रंग होता, निळं रंगद्रव्य नव्हतंच," तो म्हणाला. "पिसाची बांधनीच अशी हाये का उजेड त्याच्यात सापडते आन निळा होऊन बाहेर येते. बांधनी मोडली, निळा खतम. पान कुटून पाहा, हिरवंच राहीन. तिथं माल हाये."

मग धुऱ्यावरच त्यानं मला शिकवणी दिली. रंग म्हणजे डोळ्याला दिसतो तो. रंगद्रव्य म्हणजे ज्याच्यामुळे दिसतो ती वस्तू, चिमटीत धरता येणारी. उजेडातला थोडा भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे फेकते. त्या वस्तूचा रेणू केवढाही मोठा असो, उजेड गिळणारं तोंड त्यात एका जागीच असतं, बाकीचं अंग नुसतं सोबतीला. आणि रंजक म्हणजे जे कापडात शिरून धागा पकडतं, धुतलं तरी सुटत नाही. पुष्कळदा त्यालाही पकडायला तुरटीसारखा मध्यस्थ लागतो. पानाचा हिरवा हे रंगद्रव्य आहे पण रंजक म्हणून कुचकामाचं, कापडावर आज आहे आणि उन्हात उद्या नाही. पळसाच्या फुलाचा पिवळा तुरटीच्या जोरावर कापडाला धरतो. या तिघांना एकच नाव देणं म्हणजे त्याच्या मते बाप, पोरगा आणि जावई तिघांना 'तो माणूस' म्हणून हाक मारण्यासारखं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त एवढंच शिरलं की आपलं लुगडं काही होत नाही.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा, ती मात्र मला फार आवडायची. रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा हे चुलतभाऊ आहेत. दोघांची चौकट जवळजवळ एकच. मधोमध लोखंड बसलं की रक्त, मॅग्नेशियम बसलं की पान. मी ही गोष्ट पुढं प्रत्येक लाकूडतोड्याला सांगितली आणि तुम्ही झाड तोडता म्हणजे चुलतभाऊ तोडता असं वर जोडलं, तेव्हा काही दिवस माझ्या डेपोवर कुऱ्हाडी चालेनात. हा मासा आहे, सोडून द्या.

आता सेक्रेटरी. हे गृहस्थ व्यापारी, शाळेला त्यांची देणगी होती, म्हणून शाळा त्यांची होती. होळीच्या दिवसांत ते डबीतला रंग विकायचे, डबीवर पळसाच्या फुलाचं चित्र आणि खाली 'शुद्ध पलाश रंग'. आमच्या भागात फाल्गुनात जंगलभर पळस पेटलेला असतो, फुलं फुकट, तरी लोक डबी विकत घेऊ लागले, कारण चित्र छान होतं. तेजलालनं काय केलं, तर होळीच्या आधी वर्गात दोन पेले मांडले. एकात पळसाची फुलं उकळून काढलेलं पिवळं पाणी, दुसऱ्यात डबीतल्या पुडीचं. दोन्हीत चुन्याची निवळी टाकली. पळसाचं पाणी जागेवर लालसर केशरी झालं. डबीतलं जसं होतं तसंच, मख्ख. झाडात तयार झालेलं रंगद्रव्य चुन्यानं रूप पालटतं, डांबरातून कारखान्यात काढलेल्या या रंजकाला चुन्याशी देणंघेणं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. सेक्रेटरींचं नाव काढलं नाही, डबीचं काढलं नाही. धडाच तो होता. पण वर्गातून ही गोष्ट घरोघर गेली आणि त्या होळीला डब्या दुकानात पडून राहिल्या. तेजलालला मी म्हटलं, तू सापाच्या शेपटीवर सायकल घातली. तर म्हणाला, "मी कायले घालू? त्यानं डबीवर फूल काऊन छापलं?"

साप वर्षभर वाट बघत बसला.

तेजलालला पोरांना दाखवायचं होतं की पानात हिरव्याच्या पोटात पिवळाही दडलेला असतो, आधीपासून, फक्त हिरवा त्याला दिसू देत नाही. त्यासाठी पानातली रंगद्रव्यं बाहेर काढायची, आणि ती साध्या पाण्यात उतरत नाहीत, त्यांना मद्यार्क लागतो. त्यानं शाळेकडे शुद्ध स्पिरिट मागितलं. सेक्रेटरी म्हणाले, पाठ्यपुस्तकात चित्र आहे ना. तेव्हा तो माझ्याकडे आला. आणि मी त्याला मोहाची आणून दिली, पहिल्या धारेची, पुन्हा एकदा भट्टीवर चढवलेली, काडी लावली की निळी पेटणारी. कुठून आणली ते विचारू नका, अबकारी खात्याची माणसंही पुरवणी वाचतात. एवढंच सांगतो की चिचगडच्या जंगलात माझी माणसं चांगली आहेत. ती इतकी कडक होती की बाटली पिशवीत असताना माझी सायकल आपसूक डावी-उजवी व्हायची.

तो प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला. पानाचे तुकडे त्या मोहाच्या अर्कात घालून चंबू गरम पाण्यात धरला, अर्क गडद हिरवा झाला. मग पेल्यात थोडासा ओतून त्यात फळ्यावर लिहायचा पांढरा खडू उभा केला. "आता पाहा," तेजलाल म्हणाला, "खडू पेऊन राहिला." आणि खरंच, खडूनं हिरवं वर ओढायला सुरुवात केली, आणि वर चढता चढता ते फाटत गेलं : खाली हिरवा, त्यातही दोन तऱ्हेचा, आणि सगळ्यांच्या पुढं, एकटाच, वर निघालेला पिवळा. पानातल्या पानात एवढी माणसं राहतात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा मोहाची पाहून पिण्याचा विचार केला नाही. तुम्हाला हे खोटं वाटेल, मलाही वाटतं.

शाळेत दारू ठेवल्याची वार्ता सेक्रेटरींपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार. चौकशी बसली. तिघं होते : सेक्रेटरी स्वतः, हेडमास्तर आणि गावचे जुने मालगुजार, ज्यांची मालगुजारी गेली होती पण बसायची पद्धत गेली नव्हती. टळटळीत दुपार, हेडमास्तरांची खोली, टेबलावर पुरावा : एक भरलेली बाटली आणि हिरव्या अर्काचा चंबू. मी साक्ष द्यायला गेलो. म्हटलं, बाटली मी आणली, प्रयोगासाठी आणली, हा माणूस पीत नाही. सेक्रेटरींनी हसून विचारलं, "ठेकेदारजी, आपकी वो मछली अब कितनी बड़ी हो गई?" तिघंही हसले. मी जन्मात एकदाच खरं बोलायला उभा राहिलो होतो आणि त्याच दिवशी मला दाराशी बसवण्यात आलं.

तेजलालनं काही लपवलं नाही. यात मद्यार्क आहे, पानातली रंगद्रव्यं काढायला लागतो, शाळेनं स्पिरिट दिलं नाही म्हणून हे आणलं, असं सरळ सांगितलं. तेव्हा मालगुजार म्हणाले की ही दारू आहे की रॉकेल, हे तोंडात घातल्याशिवाय कोण सांगणार. न्यायाची गोष्ट होती. त्यांनी तोंडात घातली. डोळे मिटले, उघडले, नक्की कळलं नाही म्हणाले. मग सेक्रेटरींनी ठरवलं की एका माणसाच्या जिभेवर निकाल बरा नव्हे, आणि स्वतःही घोट घेतला. हेडमास्तरांनी चमच्यानं, रुमाल तोंडापाशी धरून, फक्त संस्थेच्या हितासाठी घेतली. पुन्हा शंका, पुन्हा खात्री. बाटलीचा तळ दिसल्यावर मालगुजारांचं लक्ष चंबूकडे गेलं : यात काही वेगळं मिसळलेलं नसेल कशावरून? तेजलाल मध्ये पडला, म्हणाला, हे पिऊ नका, यात पानं उकळलेली आहेत. सेक्रेटरी म्हणाले, मास्तर पुरावा दडवू पाहतात. आणि चंबूही तपासण्यात आला, शेवटपर्यंत. दाराशी बसून मी बघत होतो. तिघांच्या जिभा राघूच्या पंखासारख्या हिरव्या झाल्या होत्या आणि सेक्रेटरींच्या पांढऱ्या कुडत्यावर हनुवटीपासून पोटापर्यंत हिरवा ओघळ आला होता. इथं मी मासा वाढवलेला नाही. इथं वाढवायला जागाच नव्हती.

मग सेक्रेटरींनी बाटली उलटी करून दाखवली. "बोतल खाली है," ते म्हणाले. "मास्टरजी खुद कहते हैं कि भरी हुई थी. तो फिर गई कहाँ?"

आणि त्यांनी तेजलालकडे बघितलं. हेडमास्तर खाली बघू लागले. मालगुजारांनी मान हलवली, जणू फार जुनी कोडी सुटली. शिक्षक शाळेत दारू पितात, पुरावा : रिकामी बाटली. हिरव्या चंबूचा निकालात उल्लेखही आला नाही. तेजलालची नोकरी त्या दुपारी गेली.

वाचकहो, ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. हसा. मीही हसून सांगत आलो, मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. पण आज मला राग येतो, तुमच्या हसण्याचाही येतो. कारण हसून झाल्यावर तुम्ही घरी जाता आणि म्हणता, थोडी घेत असेल हो मास्तर, आग असल्याशिवाय धूर निघतो का. निघतो. मी भट्ट्या पाहिलेल्या आहेत, वाफ कुठून निघते आणि माल कुठं पडतो ते मला विचारा.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी त्याला म्हटलं, चल, अख्ख्या गावाला बोलावू, त्यांच्या जिभा दाखवू, तो कुडता दाखवू. तो सायकलची चेन बसवत होता. "जीभ संध्याकाळपर्यंत साफ होईन," म्हणाला. "कुडता धुतीन, उन्हात टाकतीन, चार दिवसांत पांढरा. ते रंगद्रव्य हाये, गनपत. रंजक असतं तर आपला पुरावा राह्यला असता."

"आन मंग दारुड्या हे नाव?" मी विचारलं. "ते बी उडन का उन्हात?"

तो हसला. "ते धरते. त्याले तुरटी बी लागत नाई."

मी तरी सेक्रेटरींच्या घरावरून फेऱ्या मारल्या. मागच्या अंगणात दोरीवर कुडता वाळत होता. पहिल्या दिवशी हिरवा ओघळ, मग पोपटी, मग आजारी माणसाच्या लघवीसारखा पिवळट, आणि मग काहीच नाही. माझ्या डोळ्यांदेखत ऊन पुरावा खात होतं. रसायनशास्त्र बरोबर निघालं आणि माणूस बुडाला.

त्यानंतर त्याला कुठल्या शाळेनं घेतलं नाही. त्याच्या आधी त्याचं नाव पोचलेलं असायचं. तो सौंदडला वडिलांच्या धानाच्या बांध्यांत राबू लागला, चिखलात उभा राहून रोवणी करू लागला, आणि तक्रार म्हणून काही त्याच्या तोंडून मी ऐकली नाही. याचाही मला राग येतो. माणसानं थोडं तरी ओरडावं. त्याच्या वाटचं मी ओरडलो तर लोक म्हणायचे, ठेकेदार रंगात आला. पण प्रयोग त्यानं सोडला नाही. स्टेशनच्या बाजूला तोंड असलेली त्याची खोली होती, तिच्या खिडकीत पितळी पेला कायम, पेल्यात अर्क, अर्कात खडू. आज पळसाचं पान, उद्या कवळ्या धानाचं, परवा भाजीचं लाल पान. पिवळा प्रत्येक वेळी निघायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला आनंद व्हायचा, जसा काही तो या वेळी येणारच नव्हता. त्याला मोहाची लागायची, ती मी आणत असे. पिशवी घेऊन स्टेशनवर उतरलो की हमालापासून पानवाल्यापर्यंत सगळे पिशवीकडे बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. तेजलालला सांगितलं तर म्हणाला, पाहू दे, डोळ्याचं कामच पाहायचं आहे. मी आणणं बंद केलं नाही. कायले करू? चार गाढवांच्या नजरेसाठी एका माणसाचा पिवळा अडवू?

या पावसाळ्यात सौंदडच्या त्या बाजूला काविळीची साथ आली. विहिरीत पुराचं पाणी शिरलं होतं. घरटी एक आजारी होता, पाळण्यातली लेकरं पिवळी पडली होती, माळकरी म्हाताऱ्या पिवळ्या पडल्या होत्या. ती लेकरं काय माझ्याकडून पहिल्या धारेची मागवत होती? त्यांच्याबद्दल कुणी आवाज खाली आणून बोललं नाही. तेजलाल आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. डोळे हळदीच्या डब्यातून काढल्यासारखे. बसल्याबसल्या त्यानं मला शिकवायलाच घेतलं. ठेच लागली की कातडीखाली आधी जांभळं, मग हिरवट, मग पिवळं होतं की नाही, ते का होतं? तर जुनं रक्त मोडत असतं. लाल रंगद्रव्य मोडून आधी हिरवं बनतं, हिरव्याचं पिवळं. एरवी ते पिवळं यकृत बाहेर टाकतं. यकृत थकलं की ते अंगात साचतं. "हा पिवळा बाहेरून नाई आला," तो स्वतःच्या डोळ्याकडे बोट करून म्हणाला, "माह्याच लालाचा हाये."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील माहीत आहे ना तुला.

"म्हनतीन," तो म्हणाला. "मले नाई काही. पन तिले आयकावं लागन."

ती म्हणजे अनुसया वहिनी, त्याची बायको. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेली तेवढी एकच कुरकुर. आठवड्याभरात तो गेला.

शाळेनं शोकसभा घेतली. हो, त्याच शाळेनं. सेक्रेटरी आता जास्त गोरे आणि जास्त जाड झाले आहेत. त्यांनी तेजलालला 'रंगांचा जादूगार' म्हटलं. रंग, रंगद्रव्य, रंजक सगळ्याची एकत्र खिचडी केली, आणि मग डोळे पुसून म्हणाले की कमजोरी कुणात नसते, कुणाला एखादं व्यसन असतं, आपण त्यांचे गुण आठवावेत. लोकांनी माना डोलावल्या. मी उठलो. मला दोघांनी धरून खाली बसवलं, तरी मी पुन्हा उठलो असतो, पण शेजारच्या बायांमध्ये वहिनी बसली होती आणि तिनं मला नजरेनं बस म्हटलं. ती रडत नव्हती. ती सेक्रेटरींकडे बघत होती, जसा धान मोजणारा मापाकडे बघतो.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी सेक्रेटरी सौंदडला घरी आले, हार घेऊन, सोबत शाळेचे चार-सहा लोक. खोलीत जागा नव्हती म्हणून ओसरीवर बसले. गावातलीही माणसं जमली. मी होतोच; आदल्या दिवशी वहिनीनं निरोप धाडून मला नेहमीसारखी पिशवी आणायला सांगितलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. फोटोला हार घातला गेला, उदबत्त्या लागल्या, सेक्रेटरींनी पुन्हा गुणांची यादी सुरू केली. तेवढ्यात वहिनी आतून पितळी पेला थाळीत घेऊन आली. दाराच्या उंबऱ्यावरच होती अजून. पेला हिरव्यागार पाण्यानं भरलेला. बघणाऱ्याला वाटावं कुठल्या पाल्याचा काढा असेल, साथीच्या दिवसांत घरोघर कसले कसले काढे उकळत होते. ओसरीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलंही, गुळवेलीचा आहे का गं बाई, मलेही दे थोडा.

"सेठजीले देऊन राहिली," वहिनी म्हणाली. "लंबून आले. तहान लागली असन."

सेक्रेटरींनी लांबूनच हात वर केला. "नहीं नहीं, भाभीजी, मैं शराब नहीं लेता."

ओसरीवर सगळं थांबलं. उदबत्तीचा धूरही थांबला असं लिहिणार होतो, पण नको.

वहिनी जागची हलली नाही. "शराब हाये म्हून कोनं सांगतलं तुमाले?"

सेक्रेटरींनी हात खाली घेतला. मग तो हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. काढा मागणारा म्हातारा पेल्याकडे बघत होता, मग सेक्रेटरींकडे, मग पुन्हा पेल्याकडे. शाळेचे लोक आपल्या चपलांकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट माझ्याशिवाय नीट चालली होती.

"हिरवी पाह्यली हाये तुम्ही," वहिनी म्हणाली. "माह्या घरी तर कोनं कधी पेली नाई. मंग कुठं पाह्यली, ते सांगून जा."

ते सांगून गेले नाहीत. तब्येतीचं काहीतरी पुटपुटत उठले, आणि सोबतचे लोक त्यांच्या मागं उठले, पण सगळे नाही. दोघं मास्तर बसून राहिले. त्यांतला एक, त्या काळी नुकताच लागलेला, मान खाली घालून म्हणाला की त्या दिवशी साहेबांचा कुडता त्यानंही पाहिला होता. एवढ्या वर्षांनी सांगतोस, हरामखोरा, असं मी म्हणणार होतो. वहिनीनं त्याला पाणी दिलं. साधं.

मग तिनं तो पेला खिडकीत नेऊन ठेवला आणि तेजलालच्या डबीतला एक खडू घेऊन त्यात उभा केला. आम्ही बसलो होतो तोवर पिवळा वर निघाला होता, सगळ्यांच्या पुढं, एकटा.

तो पेला तिनं अजून हलवलेला नाही. खडूचा हिरवा आता विटून मातकट झाला आहे, पिवळ्याची रेघ बारीक उरली आहे, उजेड तिलाही ठेवणार नाही हे मला ठाऊक आहे. माझं शिक्षण त्यानंच केलं. परवा गेलो तेव्हा आत बघितलं, तर पेला कोरडा ठणठणीत. अबकारीवाल्यांनी यायची तसदी घेऊ नये. खडूनं सगळी पिऊन टाकली आहे. त्या घरात पिणारा तेवढा एकच होता.